पार्टिकल बोर्डचे रेझिन: केटलपासून ड्रमपर्यंत

पार्टिकल बोर्डमधला चुरा धरून ठेवते ते युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन. चिंचवड-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कापल्या जाणाऱ्या कपाटांच्या फळ्यांत ते कोरड्या चुऱ्याच्या वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के असते. चुरा लाकडाचाच हवा असे नाही. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरजवळ इकोबोर्ड इंडस्ट्रीजने उसाच्या चिपाडापासून बोर्ड बनवण्याचा कारखाना उभारला. चिपाडातला मऊ गर रेझिन फार शोषतो, म्हणून तो आधी काढून टाकावा लागतो.

रेझिन शिजते केटलमध्ये. फॉर्मालिन (म्हणजे फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण) आणि युरिया 8 ते 9 पीएचला सुमारे 90 अंशांवर तापवले की मिथिलॉल युरिया तयार होतो. मग फॉर्मिक आम्लाने पीएच 5 च्या आसपास आणला जातो आणि रेणूंच्या साखळ्या वाढू लागतात. कौशल्य लागते ते इथे. ऑपरेटर दर काही मिनिटांनी नमुना काढून त्याचा थेंब पाण्यात टाकतो. थेंब विरघळण्याऐवजी पांढरा ढग होऊन पसरला की लगेच कॉस्टिक टाकून क्रिया आवरायची. उशीर झाला तर अख्खी केटल घट्ट जेल होऊन बसते.

शेवटी टाकलेला युरिया मोकळे फॉर्माल्डिहाइड बांधून घेतो. हे फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले. म्हणून आता युरियाच्या एका मोलमागे एकूण फॉर्माल्डिहाइड 1 ते 1.2 मोल एवढेच ठेवतात. वास घटतो, पण रेझिन सावकाश सेट होते आणि बोर्ड पाण्यात जास्त फुगतो. ही किंमत मोजण्यासारखीच आहे.

ड्रममध्ये भरल्यावरही क्रिया थांबत नाही, फक्त मंदावते. शेवटचा युरिया साखळ्यांतले फॉर्माल्डिहाइड आपल्याकडे ओढतो, पीएच हळूहळू उतरतो, रेझिन गढूळ आणि घट्ट होत जाते. ढोबळ हिशेबाने तापमान 10 अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुप्पट होतो. 25 अंशांना महिनाभर टिकणारा माल चाळिशीला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा दिवसांत हाताबाहेर जातो. एप्रिल-मेमध्ये चिंचवड पट्ट्यात सावलीतली टाकी आणि आधी आलेला ड्रम आधी वापरण्याची शिस्त म्हणूनच महत्त्वाची.

घट्ट झालेले रेझिन नोझलमधून बारीक उडत नाही. काही चुरा कोरडाच राहतो आणि बोर्डाचा गाभा कच्चा निघतो. पाणी घालून ते पातळ करणे आणखी वाईट: प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ कोंडते आणि प्रेस उघडताच बोर्ड मधोमध फुटतो. त्यामुळे वापरण्याआधी अमोनियम क्लोराइड हा हार्डनर मिसळलेला नमुना परीक्षानळीत घेऊन उकळत्या पाण्यात धरतात आणि तो किती सेकंदांत गोठतो ते घड्याळ लावून पाहतात. साठवण लांबणार असेल तर फवारून वाळवलेली रेझिनची पावडर घ्यावी. कोरड्या जागी, घट्ट बंद ठेवली तर ती द्रवापेक्षा कितीतरी जास्त टिकते.