आशिया नावाचा लघुग्रह : एक मागोवा

तापीकाठच्या दीपनगरात वीजकेंद्राचे दिवे रात्रभर तेवत असल्यामुळे आम्हां रहिवाशांच्या वाट्याला आकाशातील ठळक तारेच काय ते येतात. तथापि ज्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला आणि त्यास शके 1128 मध्ये मिळालेले दान शिळेवर कोरविले, त्या प्रांताच्या मनुष्यास ग्रहगणिताविषयी ममत्व वाटावे हे स्वाभाविक होय. त्या ममत्वानेच 17 एप्रिल 1861 च्या रात्रीकडे मी वळतो.

त्या रात्री मद्रासच्या सरकारी वेधशाळेत, त्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या नॉर्मन पॉगसन यांना एक लघुग्रह गवसला. आशिया खंडातून शोधलेला तो पहिलाच, म्हणून त्याचे नाव ‘आशिया’, क्रमांक 67. लघुग्रह दुर्बिणीतही ताऱ्यासारखा बिंदूच दिसतो. छायाचित्रणाचे साह्य नसताना नकाशातील तारे आणि समोरचे तारे एकेक करून ताडून पाहायचे, नोंदीबाहेरचा बिंदू आढळताच त्याची जागा टिपायची आणि पुढील रात्री तो सरकला की नाही हे पाहायचे, हे काम म्हणजे अफाट वस्तीच्या खानेसुमारीत एकच नवा इसम हुडकून काढण्यासारखे होते.

परंतु एवढ्याने शोध सिद्ध होत नाही. कक्षा ठरविली नाही, तर सूर्याच्या तेजाआड गेलेला ग्रह पुन्हा कोठे शोधावा हेच कळत नाही; 1801 च्या आरंभी पियाझींना दिसलेला सेरेस असाच हातचा गेला आणि गाउस यांच्या गणितामुळेच वर्षअखेरीस पुन्हा सापडला. आशियाची कक्षा मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहे. सूर्यापासून सरासरी 36 कोटी किलोमीटरांवर, परंतु कधी 30 कोटींच्या आत तर कधी 43 कोटींच्या आसपास असा जवळदूर होत, तो सुमारे पावणेचार वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतो, आणि वेधास अनुकूल अशी सूर्यासमोरची स्थिती त्याला साधारण 16 महिन्यांनी लाभते.

मद्रासहून पॉगसन यांनी पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि 1885 साली व्हेरा हे लघुग्रह शोधले. पैकी सिल्व्हियाभोवती दोन उपग्रह फिरतात, हे कळावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. त्यांच्या हाताखालील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी 1867 मध्ये एक रूपविकारी तारा शोधला. या भारतीय वेधकर्त्याचे नाव आपल्या शाळांतून पॉगसन यांच्याइतक्याच आदराने घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

1891 मध्ये पॉगसन निवर्तले. त्याच वर्षी हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून लघुग्रह शोधण्यास प्रारंभ केला. युरोपात शोधांचा ओघ वाढत असता आपल्याकडे मात्र 1899 मध्ये कोडाईकनाल येथे सूर्यवेधाचे कार्य सुरू होऊन मद्रासचे वैभव ओसरले. एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभ्या राहिलेल्या कार्याला संस्थेचे पाठबळ उरले नाही, याचेच शल्य वाटते. व्हेरानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1988 रोजी, कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन यांना लघुग्रह सापडला. त्याची कक्षा निश्चित होऊन 4130 हा क्रमांक मिळाल्यावर त्याला नाव देण्यात आले ते गणितज्ञ रामानुजन यांचे.