बामसेफ : सुट्टीच्या प्रश्नातून संघटनेकडे

आमच्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी ‘नोकरी लागली’ या दोन शब्दांना फार मोल आहे. तहसील, पोस्ट वा शाळेत घरातला एक जण लागला की सारे घर वर येते. पण घर वर आले म्हणजे समाज वर आला काय? बामसेफ या कर्मचारी-संघटनेचे मूळ या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

1943 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नाने अस्पृश्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत 8.33 टक्के जागा राखल्या गेल्या. पुढे घटनेच्या 16 व्या कलमाने राखीव जागांना आधार दिला. त्यातून सुशिक्षित नोकरदारांचा नवा वर्ग उभा राहिला.

1965 च्या सुमारास पुण्यात संरक्षण खात्याच्या स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत बुद्धजयंती व आंबेडकरजयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्याने विरोध केला. त्यांना निलंबित करण्यात आले. तेथेच नोकरीस असलेले पंजाबचे कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर सुट्ट्या परत मिळाल्या. सहकारी डी. के. खापर्डे यांच्यामुळे कांशीरामांना आंबेडकरांच्या लेखनाची ओळख झाली.

14 ऑक्टोबर 1971 रोजी, म्हणजे धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी, पुण्यात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय व अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची कल्याणकारी संघटना स्थापन झाली. तीच कल्पना देशभर नेऊन 6 डिसेंबर 1978 रोजी दिल्लीत बामसेफची रीतसर स्थापना झाली.

ही पगारवाढ मागणारी युनियन नव्हती. सरकारी नोकरास वर्तणूक नियमांमुळे राजकारणात पडता येत नाही. म्हणून संघटनेने आंदोलन व राजकारण वर्ज्य मानले आणि बुद्धी, वेळ व पैसा समाजाला परत देण्याचे व्रत घेतले. पुढे कांशीरामांनी 1984 मध्ये बहुजन समाज पक्ष काढला; खापर्डे प्रभृतींनी मात्र बामसेफ राजकारणापासून अलग ठेवली.

योगायोग असा की, अमेरिकेतही 1975 साली आरोग्य खात्यातील काही कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी ‘ब्लॅक्स इन गव्हर्नमेंट’ ही संघटना उभारली. कचेरीचे दार उघडले, तरी आतला भेदभाव आपोआप जात नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच!

आपल्यापैकी अनेक जण उद्या स्पर्धा परीक्षांना बसतील. खुर्ची मिळाल्यावर आपण कोणाचे देणे लागतो, हा प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत नसतो. तो आपला आपणच सोडवायचा असतो.