दोन तऱ्हेची उचल : आदिवासी विद्यार्थ्याचे बँक खाते का आणि कसे काढावे



आश्रमशाळेत दहावीपर्यंत मुलाचे राहणे, जेवण आणि वह्यापुस्तके शासनाकडून होतात. खरी अडचण अकरावीला सुरू होते. प्रवेशाचे पैसे, एस.टी.चा पास, गणवेश, वसतिगृह मिळाले नाही तर खोली आणि डबा, हे सगळे जून-जुलैतच समोर येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण ती त्या महिन्यात हातात पडत नाही. महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेज तपासते, मग पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय मंजूर करते, आणि नंतर रक्कम हप्त्याने खात्यावर येते. मधले काही महिने कसे काढायचे, यावर पुष्कळ मुलांचे शिक्षण टिकते किंवा सुटते.

श्रीवर्धन तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर या मधल्या काळाचे एक जुने उत्तर आहे. त्याला 'उचल' म्हणतात. भाताची लावणी झाली की हाताला काम कमी होते. अशा वेळी वीटभट्टीचा किंवा कोळशाचा मुकादम आगाऊ पैसे देतो आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब ती रक्कम फेडायला भट्टीवर जाते. कागदावर व्याज लिहिलेले नसते. ते अंगमेहनतीतून वसूल होते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तरी अडलेल्या बापाला कायदा दूरचा वाटतो आणि मुकादम जवळचा. आईबाप भट्टीवर गेले की अकरावीतला मुलगाही बहुधा त्यांच्या मागे जातो.

उचलीचा दुसरा प्रकार बँकेत असतो. खात्यात शिल्लक आहे त्याहून जास्त रक्कम, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, काढू देण्याच्या सोयीला ओव्हरड्राफ्ट म्हणतात. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे इंग्लंडमध्ये शिकतात. तिथल्या अनेक बँका कॉलेजच्या विद्यार्थ्यांना खास खाते देतात आणि त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो. त्यामुळे काही हितचिंतक विचारतात, "आपल्या मुलांना असे खाते का काढून देत नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर या लेखात आहे.

आपल्याकडे काय मिळते

गरीब विद्यार्थ्याला सहज मिळेल असे बिनव्याजी ओव्हरड्राफ्टचे खाते आपल्याकडे नाही. अकरावीतली मुले अठरा वर्षांखालील असतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अल्पवयीन मुलाच्या खात्यातून शिलकीपेक्षा जास्त रक्कम काढू देता येत नाही. म्हणजे गरज जेव्हा सर्वात मोठी असते, नेमक्या त्याच वर्षी ही वाट बंद असते. तरीही खाते काढलेच पाहिजे, कारण शिष्यवृत्तीपासून खावटी अनुदानापर्यंत सगळे आता खात्यावरच येते. २०२०-२१ मध्ये आदिवासी कुटुंबांना जे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, त्यातली निम्मी रक्कम बँक खात्यात जमा व्हायची होती. ज्याचे खाते नाही किंवा बंद पडले आहे, त्याने ती घ्यायची कुठे?

कोणते खाते काढावे

*दहा ते अठरा वर्षे :* पालकाच्या नावासह खाते काढता येते. आईही पालक म्हणून सही करू शकते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या सूचनेनुसार दहा वर्षांवरील मूल स्वतःच्या सहीनेही खाते काढू आणि चालवू शकते. रकमेची मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. आईबाप भट्टीवर असताना मूल वसतिगृहात राहत असेल, तर ही सोय फार उपयोगी पडते. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र नवी सही आणि कागदपत्रे देऊन खाते बदलून घ्यावे लागते. बारावीनंतर मुले हे विसरतात आणि ऐन वेळी व्यवहार अडतो.

*अठरा वर्षांवरील :* मूलभूत बचत खाते किंवा जनधन खाते. दोन्हींत किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेत रुपे कार्ड आणि अपघात विमाही मिळतो.

*कागदपत्रे अपुरी असतील तर :* फोटो देऊन, बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून 'छोटे खाते' काढता येते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षभरात जमा १ लाखापर्यंत आणि महिन्याला काढलेली रक्कम १०,००० पर्यंत, अशा मर्यादा असतात. खाते आधी बारा महिने चालते आणि कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने. जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांचे छप्पर उडाले त्यांच्याबरोबर कित्येकांचे कागदही गेले. अशा घरांनी या सोयीचे नाव लक्षात ठेवावे.

पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते काढून देतो. दूरच्या वाडीला ते सोयीचे आहे आणि शासनाचे पैसेही त्यात येतात. पण पेमेंट्स बँकेला कर्ज देण्याची परवानगी नसते, त्यामुळे तिथे ओव्हरड्राफ्ट कधीच मिळणार नाही.

बँकेत जाताना

आधार कार्ड, दोन फोटो आणि मोबाईल क्रमांक न्यावा. आधार नसेल तर मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचे जॉब कार्डही चालते. पॅन नसेल तर बँकेतच घोषणापत्राचा फॉर्म मिळतो. कॉलेजचे ओळखपत्र किंवा बोनाफाईड दाखला असल्यास उत्तम.

फॉर्म भरताना चार गोष्टी पाहाव्यात. नाव आधारवर आहे तसेच, अक्षर न अक्षर, लिहावे. शाळेच्या दाखल्यावर 'वाघमारे' आणि आधारवर त्याचे वेगळे स्पेलिंग असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. मोबाईल क्रमांक मुलाच्या घरचाच द्यावा, दुकानदाराचा किंवा मुकादमाचा नको. वारसाचे नाव भरावे. आणि 'मूलभूत बचत खाते' हे शब्द स्पष्ट बोलून मागावे, नाहीतर किमान शिलकीचे साधे बचत खाते निघते आणि पुढे दंड कापला जाऊ शकतो.

बँकेने विनाकारण परत पाठवले तर तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. रायगड जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे दाद मागता येते. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

पैसे अडकतात ती जागा

खाते निघाले, शिष्यवृत्ती मंजूर झाली, तरी पैसे येत नाहीत, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा कारण एकच असते. खात्याला आधार क्रमांक 'जोडणे' आणि शासनाचे पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार 'सीड' करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या कामासाठी बँकेत स्वतंत्र संमतीपत्र द्यावे लागते. मग राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या यादीत त्या आधारापुढे त्या बँकेचे नाव लागते. एका आधारापुढे एका वेळी एकच बँक असते. मुलाचे एक खाते श्रीवर्धनच्या बँकेत आणि नंतर काढलेले दुसरे पोस्टात असेल, तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. मुलगा पहिल्या बँकेत हेलपाटे घालतो आणि रक्कम दुसरीकडे पडून असते.

म्हणून अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात 'बँक सीडिंग स्थिती' पाहून घ्यावी. त्यासाठी आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला हवा. दोन वर्षे खात्यात स्वतःहून काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होऊ शकते. वर्षातून दोन-तीनदा पन्नास रुपये तरी भरावे-काढावे आणि पासबुक छापून घ्यावे. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढल्यास पावती घेतल्याशिवाय उठू नये.

जनधनची उचल

अठरा वर्षांवरील जनधन खातेदाराला १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. २०१८ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती. खाते किमान सहा महिने नीट चाललेले असावे, आणि एका घरात एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला, ही सोय मिळते. २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला फारशा अटी नाहीत. अर्ज शाखेतच करायचा असतो, आणि पहिल्यांदा नाही म्हटले तर कारण लेखी मागावे.

ही उचल बिनव्याजी नाही, पण व्याज किती होते ते मांडून पाहू. समजा, आईने मुलीच्या प्रवेशासाठी ३,००० रुपये काढले आणि दोन महिन्यांनी शिष्यवृत्ती आल्यावर भरले. दर वर्षाला १२ टक्के धरला तर व्याज ६० रुपये होते. साठ रुपयांत मोकळीक मिळते. मुकादमाच्या तीन हजारांत घराचा अख्खा हंगाम जातो. मात्र फेडायचा पैसा कुठून येणार हे माहीत असेल तरच ही सोय वापरावी. लग्नकार्यासाठी वापरलेला ओव्हरड्राफ्ट तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी कॉलेजच्या वेळी दार बंद असते.

नर्सिंग किंवा अभियांत्रिकीसारख्या मोठ्या खर्चाच्या अभ्यासक्रमाला ओव्हरड्राफ्ट पुरत नाही. तिथे शैक्षणिक कर्ज पाहावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर मान्यताप्राप्त संस्थांतल्या व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी घेतलेल्या कर्जावरचे शिक्षणाच्या काळातले आणि त्यानंतरच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. आपल्या देशात 'बिनव्याजी' या शब्दाच्या सर्वात जवळची सोय हीच. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडेही चौकशी करावी.

एक धोका

"तुझे खाते आणि एटीएम कार्ड दे, महिन्याला पैसे देतो," असे कोणी म्हटले तर तिथून निघून यावे. फसवणुकीचा पैसा फिरवायला गरीब विद्यार्थ्यांची खाती अशीच घेतली जातात. मग खाते गोठते आणि पोलिस चौकशी मुलाच्या नावावर येते. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

मंडळीने काय करावे

नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अशीच परिस्थिती आहे. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते गहाण टाकली, करासाठी कर्ज काढले आणि मुलामुलींना दास्यात देण्याची वेळ आली. नहेम्याने सावकारांना जाब विचारला, आणि उसने देणाऱ्यांत स्वतःलाही धरून व्याज सोडायला सांगितले. त्याने केवळ प्रार्थना करून लोकांना घरी पाठवले नाही.

आपल्या हातात तीन गोष्टी आहेत. पहिली, सोबत. बँकेत नोकरी केलेले किंवा फॉर्म भरण्याची सवय असलेले सभासद प्रत्येक मंडळीत असतात. जून महिन्यात एक दिवस त्यांनी वाडीवरच्या मुलांसोबत शाखेत जावे. शिकलेले माणूस शेजारी उभे असले की खिडकीवरचा आवाजही बदलतो.

दुसरी, अडीनडीचा छोटा निधी. ज्या मुलाची शिष्यवृत्ती मंजूर आहे पण आलेली नाही, त्याला पास किंवा मेसपुरती रक्कम बिनव्याजी द्यावी आणि हप्ता जमा झाल्यावर परत घ्यावी. तेच पैसे पुढच्या मुलाला जातात. बँक जो बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट देत नाही, तो मंडळी देऊ शकते. नोंद वहीत असावी, मुलाला प्रत द्यावी आणि हिशेब ट्रस्टच्या लेखापरीक्षकाला दाखवावा. हमी म्हणून कोणाचेही पासबुक किंवा कार्ड ठेवून घेऊ नये. तसे केले तर मुकादमात आणि आपल्यात फरक उरणार नाही. मूल उपासनेला येते की नाही, हाही प्रश्न विचारू नये. गरज आणि शिक्षण एवढेच पाहावे.

तिसरी, दिवाळीआधीची भेट. उचल बहुधा त्याच सुमारास दिली जाते. त्या आठवड्यात वाडीवर जाऊन शिष्यवृत्ती कुठपर्यंत आली हे विचारले आणि अडकली असेल तर पेणला कोणी जाऊन आले, तर एखादे घर त्या वर्षी भट्टीऐवजी गावातच राहू शकते.

येत्या जूनमध्ये अकरावीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी प्रार्थना करावी. आपल्या मंडळीतून सोबत जाणाऱ्यांची नावे मे महिन्याच्या आत पाळकांकडे द्यावीत, ही नम्र विनंती.