स्वयंसेवक कशासाठी येतो, कशामुळे टिकतो?

खेड तालुक्यातलं महाळुंगे आज चाकणच्या कारखान्यांनी वेढलेलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून कामासाठी आलेली कुटुंबं इथं भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग काढायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो शिकवणाऱ्यांचा. तिथंच काही समजुती आड येतात.

गैरसमज : खरा स्वयंसेवक निःस्वार्थच असतो.

क्लेरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेत स्वयंसेवेमागच्या सहा प्रेरणा मांडल्या : मूल्यं, नवं शिकण्याची ओढ, नोकरीला उपयोगी अनुभव, आपल्या माणसांची साथ, आत्मविश्वास आणि स्वतःच्या विवंचनांपासून सुटका. एकाच माणसात यांतल्या अनेक असतात. ज्याला जे हवं होतं ते मिळालं, तर तो पुढंही यायला तयार असतो. डिप्लोमा झालेला तरुण मुलाखतीत बोलायची भीड जावी म्हणून शिकवायला आला, तर त्यात कमीपणा कसला? दिवसभर मशीनवर वापरलेला व्हर्नियर कॅलिपर नववीतल्या पोराच्या हातात देऊन तो दशांश अपूर्णांक समजावतो, तेव्हा फायदा दोघांचा होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दलही ‘पोरं गुणांसाठी येतात’ असं सर्रास बोललं जातं. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर अपेक्षित असतं. गुणांसाठी आलेला विद्यार्थी तिथं रमूही शकतो. त्याला सतरंज्या उचलायला लावायचं की एका मुलाचं वाचन सोपवायचं, यावर माझ्या मते बरंच अवलंबून आहे.

गैरसमज : थोडे पैसे दिले की उत्साह वाढतो.

ग्नीझी आणि रुस्तिचिनी यांनी इस्राएलमध्ये केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलं घरोघर देणग्या गोळा करत होती. एका गटाला मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का, तिसऱ्याला दहा टक्के बक्षीस. सगळ्यांत जास्त रक्कम बिनमोबदला गटानं जमवली, सगळ्यांत कमी एक टक्कावाल्यांनी. चिल्लर हातावर टेकवली की सेवेचा हिशोब मजुरीसारखा होतो आणि मजुरी म्हणून ती फारच तुटपुंजी ठरते.

याचा अर्थ शिक्षकांना फुकट राबवावं असा मुळीच नाही. रोज वर्ग चालवणाऱ्या ताईचं ते काम आहे. तिला वेळेवर, पुरेसं मानधन मिळालंच पाहिजे. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला मात्र प्रवासखर्च आणि नीट तयारी करून देणं जास्त मोलाचं.

गैरसमज : कारखान्यातल्या माणसाला वेळच नसतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि कार्यक्रम ठेवले जातात रविवारी. मग ऑफिसातली मंडळी येतात, शॉप फ्लोअरवरचा कामगार राहून जातो. शिफ्ट बदलली की त्याची संध्याकाळही बदलते. म्हणून एका गटाला दोन जण जोडून द्यावेत. एकाची सेकंड शिफ्ट असली तर दुसरा सांभाळेल.

महाळुंग्यात असा वर्ग सुरू करणार असाल, तर गुरुवारची संध्याकाळ धरा आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारा : तुम्हाला इथून काय हवं आहे?