कासवाची शीतनिद्रा : विश्रांती की उपासमार?

इंग्लंडमधील सेलबोर्न गावी अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट हे निसर्गाभ्यासक धर्मोपदेशक राहत असत. आत्याच्या निधनानंतर, मार्च १७८० मध्ये, तिचे टिमथी नावाचे कासव त्यांनी आपल्या घरी आणले. जमिनीत निद्रिस्त असलेले ते कासव उकरून काढताच फुसकारले. घोडागाडीतील ऐंशी मैलांच्या प्रवासाने तर पुरते जागे झाले. बागेत सोडल्यावर त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि सायंकाळी गारठा जाणवताच ते पुन्हा मातीत शिरले.

कासवाला स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करता येत नाही. कडाक्याच्या थंडीत त्याचे हृदय व श्वास अत्यंत मंदावतात आणि साठविलेल्या मेदावर त्याचे कित्येक महिने निभावतात. आयुष्य बँकेत घालविलेल्या मला हा हिशेब चटकन उमगतो : उत्पन्न थांबले, पण खर्चही जवळजवळ थांबला, म्हणून ठेव पुरते.

मात्र हा हिशेब योग्य तापमानावरच जुळतो. म्हणूनच इंग्लंडमधील अनेक जण आपली भूमध्यसागरी कासवे हिवाळ्यात चक्क फ्रीजमध्ये, सुमारे ५ अंश सेल्सिअसला ठेवतात. पोटातील अन्न कुजू नये म्हणून त्यापूर्वी काही आठवडे आहार बंद करतात, अधूनमधून वजन करतात आणि हवेसाठी फ्रीजचे दार उघडतात. तापमान शून्याखाली गेल्यास डोळ्यांना इजा होते. दहाच्या वर गेल्यास कासव जागे होऊ लागते व मेद वेगाने खर्ची पडतो.

आपल्या घरांतील काचेच्या टाकीत बहुधा कानाजवळ लाल पट्टा असलेले, मूळ अमेरिकेतील जलकासव असते. डिसेंबरात ते खाईनासे झाले की ‘झोपले असेल’ म्हणून आपण निश्चिंत होतो. परंतु आपल्याकडील घरातली थंडी निद्रेला अपुरी आणि पचनाला मात्र अडचणीची असते. उत्पन्न बंद, खर्च चालू! अशाने ठेव संपते. सुजलेले डोळे, नाकातून येणारे बुडबुडे, एका अंगाला कलून पोहणे ही तर आजाराचीच लक्षणे होत. अशा वेळी पाणी व बसण्याची जागा उबदार ठेवावी आणि विलंब न लावता पशुवैद्यांना दाखवावे.

आपल्या देशातील तारा कासव पाळण्यास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाईच आहे.

निद्रा समजून केलेले दुर्लक्ष मुक्या जीवाच्या प्राणावर बेतू शकते, एवढे प्रत्येक घराने ध्यानी ठेवावे.