वाढीव वेगाचा कॉम्प्युटर आणि विदर्भाचा उन्हाळा

दुकानात कॉम्प्युटर असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. बिले, उधारीचे खाते, जीएसटीचे विवरणपत्र, सगळे त्याच्यावरच चालते. सिंदी (रेल्वे), सेलू, हिंगणघाट अशा गावांतून भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन काढणारे, फ्लेक्सचे काम करणारे, लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणारे तरुण कारागीर याच पेटीवर आपली रोजी कमावतात. व्हिडिओ तयार व्हायला दोन तास लागत असतील तर ते काम दीड तासात व्हावे, असे कोणालाही वाटणारच. मग कोणी मित्र सांगतो, ‘नवीन मशीन कशाला घेता? ओव्हरक्लॉक करून देतो, फुकटात वेग वाढेल.’

फुकट या शब्दाने व्यापाऱ्याने सावध व्हावे. ओव्हरक्लॉकिंग हा काही गुन्हा नाही, त्याचे शास्त्र आहे आणि समजून केले तर फायदाही आहे. पण वाढवलेला वेग टिकतो की नाही, याची कसोटी घेतल्याशिवाय त्या मशीनवर धंद्याचे काम टाकणे धोक्याचे आहे. आणि ही कसोटी आपल्या हवेत, आपल्या दुकानात घेतली पाहिजे.

वेग वाढवणे म्हणजे काय

प्रोसेसर ठराविक तालावर काम करतो. एका सेकंदाला किती ठोके, ते मेगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. कारखान्यातून निघताना कंपनी प्रत्येक चिप तपासून तिला एक वेग ठरवून देते आणि थोडी जागा सुरक्षेसाठी राखून ठेवते. ही राखीव जागा वापरणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण १९९८ चे आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ४५० वर चाले, म्हणजे दीडपट. बहुतेकांचे काम साधले, म्हणून त्याचे नाव जगभर झाले. त्याच दशकात याचा गैरफायदा घेणारेही निघाले. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खोडून मोठा आकडा छापायचा आणि महाग विकायचे, असा धंदा चाले. त्याला आळा घालण्याचा एक उपाय म्हणून इंटेलने वेगाचा गुणक कुलूपबंद केला. आजही इंटेलच्या नावापुढे ‘के’ अक्षर असलेले प्रोसेसरच साधारणपणे या कामासाठी मोकळे असतात.

आता खर्चाची बाजू पाहू. वेग वाढवला की पुष्कळदा प्रोसेसरला व्होल्टेजही जास्त द्यावे लागते. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवले तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३. वेग मिळाला १० टक्के, उष्णता वाढली ३३ टक्के. हा सौदा कितपत परवडतो, ते ज्याने त्याने ठरवावे.

बंद पडणे बरे, चूक वाईट

मशीन बंद पडली तर निदान कळते. खरी भीती वेगळी आहे. ताणावर चालणारा प्रोसेसर कधी कधी बंद न पडता चुकीचे उत्तर देतो आणि पुढे चालू लागतो. खात्यातला एखादा आकडा, डिझाइनची एखादी फाइल, व्हिडिओचा एखादा तुकडा बिघडतो. पत्ता लागतो तो महिन्यानंतर.

प्रोसेसर हिशेबात चुकू शकतो, हे १९९४ साली साऱ्या जगाला कळले. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. पेंटियमवर भागाकार चुकतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले तर उत्तर १.३३३८२ यायला हवे, ते १.३३३७४ येई. तो दोष चिपच्या रचनेतला होता, वाढवलेल्या वेगाचा नव्हता. तो निस्तरण्यासाठी इंटेलला ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. आपण घेण्याचा धडा एवढाच की चुकीचा हिशेब पडद्यावर बरोबर हिशेबासारखाच दिसतो.

गंमत अशी की आजच्या कसोटीचे सर्वात प्रसिद्ध साधनही मूळ संख्यांच्या शोधातूनच आले. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा उपक्रम सुरू केला. त्यासाठी लिहिलेल्या प्राइम९५ या प्रोग्रॅममध्ये ‘टॉर्चर टेस्ट’ आहे. ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे अवघड हिशेब तो प्रोसेसरकडून सतत करून घेतो आणि ताडून पाहतो. एक जरी उत्तर चुकले तरी तो तसे सांगतो. कापडाचा रंग पक्का आहे की नाही हे आपण तुकडा धुऊन पाहतो, थानाकडे नुसते बघून माल उचलत नाही. तसेच हे आहे.

कसोटी कशी घ्यावी

सुरुवातीलाच हिशेबाची आणि कामाची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क मशीनपासून वेगळी ठेवावी. डळमळीत मशीन चालता चालता डिस्कवरच्या फाइलीही बिघडवू शकते.

मग वेग न वाढवता, कारखान्याच्या सेटिंगवरच एकदा चाचणी करावी. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारख्या प्रोग्रॅमवर प्रोसेसरचे तापमान दिसते. रिकामे बसलेले असताना किती आणि पूर्ण ताणावर किती, ते कागदावर लिहून ठेवावे. खोलीचे तापमानही लिहावे. याच आकड्यांशी पुढची तुलना करायची आहे.

त्यानंतर वेग एकदम न वाढवता १०० मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीवर प्राइम९५ ची ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी दहा-पंधरा मिनिटे चालवावी. ही चाचणी सर्वात जास्त उष्णता काढते, म्हणून पहिली काही मिनिटे समोरून उठू नये. तापमान ९० अंशांकडे चालले तर चाचणी थांबवावी. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची शेवटची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादेला टेकला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे वाढवलेला वेग वापरायलाच मिळत नाही.

चूक निघाली तर व्होल्टेज वाढवत बसण्यापेक्षा एक पायरी खाली यावे. जास्त व्होल्टेजने चिपचे आयुष्य घटते.

शेवटी ठरलेल्या वेगावर ‘ब्लेंड’ चाचणी रात्रभर चालवावी. ती मेमरीलाही ताण देते. मेमरीसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून वेगळी चालवावी. मेमरीचे ‘एक्सएमपी’ सेटिंग चालू करणे हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सकाळी विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डब्ल्यूएचईए’ नावाची नोंद आहे काय, ते पाहावे. मशीन बंद पडली नाही तरी अशी नोंद असेल, तर ती कसोटीत नापास समजावी.

मे महिन्याचा हिशेब

पुस्तकी सल्ला बहुधा थंड मुलखातला असतो. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असते. खोली २० अंशांवर असताना पूर्ण ताणावर ७८ अंश दिसले, तर फरक ५८ चा. पंखा तोच आणि काम तेच असेल तर हा फरक फारसा बदलत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात ४२ अंश असतील, तर तोच प्रोसेसर १०० वर जाणार. नागपूरला मे २०१३ मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता. वर्धा जिल्ह्यातला उन्हाळा त्याच जातीचा. जानेवारीत पास झालेली मशीन मे महिन्यात नापास होऊ शकते, ती अशी. म्हणून थंडीत चाचणी केली असेल, तर आलेल्या आकड्यात उन्हाळ्याचा फरक मिळवूनच निकाल ठरवावा.

चाचणीच्या वेळी पेटीचे झाकण लावलेले असावे आणि मशीन जिथे रोज राहते त्याच कोपऱ्यात असावी. दाखवणारा नेहमी उघड्या टेबलावर, एसीच्या खोलीत दाखवतो.

आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे तूस. जिनिंगच्या आसपासची रुई आणि कापड दुकानातली तूस पंख्यातून आत जाते आणि हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. वारा अडला की तापमान चढते. पंखा हाताने धरून ब्लोअरने पेटी साफ करावी आणि मगच चाचणी घ्यावी. पाण्याच्या कूलरने खोली थंड होते हे खरे, पण त्याचे तुषार पेटीवर येतील अशी मांडणी नसावी.

यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. वाढवलेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून त्यापुढे गेले, तर लाइट जाताच मशीन बसेल.

जुना माल घेताना

जुनी मशीन घेताना आतले सेटिंग कारखान्याचे आहे की बदललेले, हे विचारावे. काही मदरबोर्ड मालकाला न कळवता स्वतःच प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त ढील देतात, तेव्हा बायोसमध्ये पाहून खातरजमा करावी. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉक न करताही जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले. ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधी झालेले नुकसान त्या दुरुस्तीने भरून निघत नाही. म्हणून असा प्रोसेसर असेल तर बायोस कधी अद्ययावत केले ते विचारावे आणि तासभर तरी चाचणी समोर चालवून घ्यावी. विकणारा चाचणीला तयार नसेल, तर मालात ऐब आहे असे समजून पुढे जावे.

विकणाऱ्यानेही सांगून विकावे. वेग वाढवून झालेल्या नुकसानीला कंपनीची वॉरंटी सहसा लागू होत नाही, तेव्हा ती जोखीम कोणाच्या माथी जाते आहे ते घेणाऱ्याला कळलेच पाहिजे.

ज्या मशीनवर खातेवही आणि बिले आहेत, तिचा वेग वाढवण्याचे काही कारण नाही. तिथे प्रोसेसर दिवसभर रिकामाच बसलेला असतो. ज्याचे काम रात्र-रात्र चालते त्या कारागिराने वाढवावा, पण वेगळ्या मशीनवर, कसोटी घेऊन. आणि दर वर्षी एप्रिलमध्ये, तूस काढून झाली की, तीच कसोटी पुन्हा घ्यावी व नवे आकडे जुन्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.