काठ दिसला नाही, पण दगड आले



मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा संपल्यावर झाले. तरी आज चंद्रावरच्या एका विवराविषयी बोलतो, कारण ती मुळात कामाची गोष्ट आहे.

या विवराचे नाव ‘कोन’, म्हणजे शंकू. रुंदी सुमारे ३४० मीटर, खोली सुमारे ७५ मीटर. आपले लोणार पावणेदोन किलोमीटरांहून रुंद. त्यापुढे हे लहानच. मग त्याचे महत्त्व कशात?

सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड आघाताने चंद्रावर इंब्रियम हे हजार किलोमीटरांहून रुंद खोरे झाले. त्यातून उडालेला मालमसाला शेकडो किलोमीटर दूर, फ्रा मॉरो भागात पसरला. पुढे त्यावर कित्येक मीटर भुगा साचला. खालचा खडक फावड्याने कसा मिळणार? पण सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी तेथे एक अशनी आदळला आणि निसर्गानेच विहीर खणून दिली.

विहीर खणणाऱ्यांना ठाऊक असते की, शेवटी उपसलेला दगड ढिगाच्या माथ्यावर येतो. विवराचेही तसेच. सर्वांत खोलचा खडक काठाजवळ पडतो. म्हणून काठाकडे जायचे.

६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ चे शेपर्ड आणि मिचेल हे दोघे अवजारांची दुचाकी हातगाडी ओढत चढाला लागले. मोटारगाडी त्या वर्षीच्या जुलैत, पुढच्या मोहिमेत आली. चढावर गाडी रुतू लागली, तेव्हा दोघांनी ती उचलून नेली. शेपर्ड यांची नाडी दीडशेवर गेली. अशा विवराचा काठ हळूहळू उंचावतो. चढणाऱ्याला पुढची टेकाडेच दिसतात, खड्डा दिसत नाही. हवा नाही, म्हणून दूरचे धूसर होत नाही. झाड नाही, घर नाही, मग अंतर मापावे कशावरून? ह्यूस्टनने अर्धा तास वाढवून दिला. तोही सरला. मिचेल यांना पुढे जायचे होते. पण परतावे लागले.

पुढे २००९ साली चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्यांची पायवाट टिपली. काठ अवघा सुमारे ३० मीटरांवर राहिला होता!

काठ गाठला नाही म्हणजे काम बुडाले, असा शेरा मारणारे मुकादम मी पुष्कळ पाहिले. परंतु त्यांना धाडले होते ते दगडांसाठी. ते दगड, त्यांतला एक नऊ किलोंचा, पृथ्वीवर आले. खडक उघडा पडला की अवकाशातील किरणांमुळे त्यात नवे अणू साचू लागतात. ते मोजून विवराचे वय ठरले. मघाशी मी सांगितलेले अडीच कोटी वर्षे, ती याच दोघांची मजुरी.

म्हणून कामाचा हिशेब करताना माणूस कुठवर पोचला एवढेच पाहू नये; त्याने हाती काय आणले, तेही पाहावे.